शास्त्रीय गोष्टी : न उच्चारलेल्या शब्दांची लिपि

मनुष्याच्या सर्व इंद्रियांत वाणीची योग्यता कांहीं निराळीच आहे. डोळे गेले तर मनुष्याला जग दिसेनासें होतें, कान गेले तर तें ऐकूं येईनासें होतें; परंतु वाणी गेली म्हणजे जगालाच तो मनुष्य दिसेनासा होतो. तो खोलींत असतो, सर्व ऐकत असतो, त्याला सर्व समजतही असतें. तथापि घरांतील मंडळी हळूहळू त्याच्याशीं बोलण्याऐवजीं त्याच्याविषयीं बोलूं लागतात. पुढें पुढें तर त्याच्या उशाशीं उभें राहून, "त्यांना आतां काय कळतें आहे?" असें म्हणण्यापर्यंत मजल जाते. आणि तें वाक्य त्याला पुरतें कळलेलें असतें!

अशा रोग्याला पुन्हां बोलतें करण्याचा जो प्रयत्न गेल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंत यशस्वी होऊं लागला आहे, त्याची हकीकत ह्या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावयाची आहे. "यंत्र मनांतले विचार वाचूं लागलें" अशा मथळ्याच्या बातम्या वाचकांच्या पाहण्यांत आल्याच असतील. ह्या मथळ्यांत खरें किती, आणि जें खरें आहे त्याचा आपल्यासारख्या चार पिढ्यांच्या घरांशीं संबंध कोणता, ह्या दोन प्रश्नांचा आपण क्रमानें विचार करूं.

प्रथम रोगाची जाति नीट ओळखली पाहिजे. वाचा जाण्याचीं कारणें अनेक आहेत. अर्धांगवायूच्या झटक्यानें मेंदूंतील भाषेचेंच केंद्र दुखावलें, तर मनुष्याला शब्दच सांपडत नाहींत. मनांतल्या मनांतही वाक्य नीट जुळत नाहीं. ही एक स्थिति झाली. दुसरी स्थिति अशी कीं, भाषा जागेवर असते, वाक्य मनांत जुळलेलें असतें, परंतु मेंदूनें सोडलेला हुकूम ओंठांपर्यंत व जिभेपर्यंत पोंचत नाहीं. मेंदूच्या खालच्या बुंध्यांत रक्तस्राव झाला, किंवा स्नायूंना हालविणारे मज्जातंतु ए. एल. एस. नांवाच्या रोगानें क्षीण होत गेले, म्हणजे ही अवस्था येते. २०१८ सालीं दिवंगत झालेले पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना झालेला रोग तो हाच. तारमास्तर शुद्धीवर आहे, तारही लिहून तयार आहे, फक्त खांबांवरची तार तुटली आहे, असें ह्या स्थितीचें वर्णन करतां येईल. आजचा लेख आहे तो ह्या दुसऱ्या प्रकारच्या रोग्यांविषयीं.

यंत्र येण्यापूर्वीं अशा माणसानें बोलावें कसें? फ्रान्समधील 'एल्' ह्या नियतकालिकाचे संपादक जाँ-दोमिनिक बोबी यांना १९९५ च्या डिसेंबरांत, वयाच्या ४३ व्या वर्षीं, मेंदूच्या बुंध्यांत झटका आला. सर्व शरीर लुळें पडलें. एक डावी पापणी तेवढी त्यांच्या ताब्यांत राहिली. शेजारीं बसलेल्या बाईंनीं मुळाक्षरें एकामागून एक म्हणावीं, आणि हवें तें अक्षर आलें कीं बोबींनीं पापणी मिटावी, ह्या रीतीनें त्यांनीं एक संपूर्ण पुस्तक लिहविलें. तें १९९७ सालीं प्रसिद्ध झालें व थोड्याच दिवसांत ते निवर्तले. ह्या पुस्तकांत एक लहानशी पण बोलकी हकीकत आहे. फ्रेंच भाषेंत चष्म्याला 'ल्यूनेत' म्हणतात आणि चंद्राला 'ल्यून'. बोबी चष्मा मागण्यासाठीं अक्षरें सांगूं लागले. शब्द अर्ध्यावर असतांनाच ऐकणाऱ्यानें तो पुरा झाला असें समजून विचारलें कीं, चंद्राचें काय करावयाचें आहे! वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें यंत्राचा विचार करतांना तिचें स्मरण पुन्हां करावें लागणार आहे.

आतां मेंदूच्या विजेकडे वळूं. मेंदूंतील पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते अतिसूक्ष्म विद्युत्‌स्पंदनांच्या रूपानें. जिवंत माणसाच्या डोक्यावरून ह्या विजेचें आलेखन प्रथम केलें तें जर्मनींतील येना येथील मानसरोगतज्ज्ञ हान्स बर्गर यांनीं, १९२४ सालीं; त्यांचा निबंध १९२९ सालीं प्रसिद्ध झाला. ते ह्या शोधाकडे वळले त्याचें कारण मोठें चमत्कारिक आहे. तरुणपणीं सैन्यांत असतांना ते घोड्यावरून पडून थोडक्यांत वांचले. त्याच दिवशीं, भावाचें कांहीं बरेंवाईट झालें आहे असें वाटून दूर गांवीं त्यांची बहीण अस्वस्थ झाली व तिच्या आग्रहावरून वडिलांनीं तार केली. एका मनांतून दुसऱ्या मनांत विचार जातो कीं काय, ह्या शंकेनें बर्गर यांना आयुष्यभर मेंदूच्या शक्तीचा पाठलाग करावयास लाविलें. विचार जातांना त्यांना कधींच सांपडला नाहीं. सांपडल्या त्या सेकंदाला दहाच्या आसपास झुलणाऱ्या लहरी. आज फेफऱ्याच्या निदानासाठीं डॉक्टर जें ई. ई. जी. काढतात, त्याचा जन्म ह्या निष्फळ पाठलागांतून झाला.

परंतु डोक्याच्या कातडीवरून मेंदू ऐकणें म्हणजे भरलेल्या सभागृहाच्या बाहेर, जाड भिंतीला कान लावून उभें राहणें होय. टाळ्या पडल्या कीं हशा पिकला एवढें कळतें; कोण कोणास काय म्हणाला, हें कळत नाहीं. तें ऐकावयाचें तर आंत जाऊनच बसलें पाहिजे. १९६९ सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथें एबरहार्ड फेट्झ यांनीं माकडाच्या मेंदूंतील एकाच पेशीजवळ बारीक तार ठेवून असें दाखविलें कीं, खाण्याच्या लोभानें माकड त्या पेशीचीं स्पंदनें आपण होऊन वाढवूं शकतें व तिच्या जोरावर मापकाचा कांटा हालवूं शकतें. १९७३ सालीं लॉस एंजेलिस येथील जाक व्हिडाल यांनीं मेंदू व संगणक यांना थेट जोडण्याच्या कल्पनेची पद्धतशीर मांडणी केली. २००४ सालापासून 'ब्रेनगेट' नांवाच्या प्रयोगमालिकेंत लुळ्या पडलेल्या माणसांच्या मेंदूवर सुयांचे लहानसे ठसे बसविण्यास सुरुवात झाली. २०१२ सालीं ह्याच मालिकेंतील, सुमारें १५ वर्षें हातपाय न हाललेल्या एका स्त्रीनें केवळ इच्छेच्या बळावर यांत्रिक हात चालवून कॉफीची बाटली स्वतःच्या तोंडापर्यंत आणली. २०२१ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत एका लुळ्या गृहस्थानें कागदावर अक्षरें काढीत आहों अशी नुसती कल्पना केली, आणि संगणकानें तीं मिनिटाला ९० ह्या वेगानें ओळखलीं.

हात झाला, लेखणी झाली. आतां राहिली वाणी. ती सर्वांत अवघड होती. एक शब्द बोलतांना ओंठ, जीभ, जबडा, टाळू, स्वरयंत्र व श्वास यांचे कितीतरी स्नायु क्षणाच्या अल्पांशांत एकमेकांशीं मेळ घालतात. ह्या सर्वांना हुकूम देणारा भाग मेंदूच्या बाजूच्या पृष्ठभागावर, कानाच्या थोडा पुढें व वर असतो. येथें मराठी वाचकांना विशेष गोडी वाटेल अशी एक गोष्ट सांगावयाची आहे. आपण लहानपणीं जी वर्णमाला घोकतों, तिची रचना मुखांतील स्थानांवरून केलेली आहे : क-वर्ग कंठ्य, च-वर्ग तालव्य, ट-वर्ग मूर्धन्य, त-वर्ग दंत्य व प-वर्ग ओष्ठ्य. २०१३ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील शस्त्रवैद्य एडवर्ड चँग व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, मेंदूच्या ह्या भागांत ओंठ, जीभ, जबडा व स्वरयंत्र यांच्या जागा निरनिराळ्या असून, उच्चार करतांना पेशींचे जे नमुने उमटतात, त्यांचे गटही मुख्यत्वें उच्चारस्थानांवरूनच पडतात. ओष्ठ्य वर्ण ओष्ठ्य वर्णांच्या पंगतीला बसतात, जिभेचे वर्ण जिभेच्या. आमच्या पूर्वजांना मेंदूंतील वीज ठाऊक होती, असा अर्थ कोणीं ह्यावरून काढूं नये. त्यांनीं केलें तें मुखाचें निरीक्षण. परंतु तें त्यांनीं इतक्या प्रामाणिकपणें केलें कीं, मुखाच्या मागें असलेल्या मेंदूंतही तीच मांडणी दिसून आली. अभिमान बाळगावयाचा तर तो ह्या प्रामाणिक निरीक्षणाचा बाळगावा.

असो. आतां प्रत्यक्ष प्रयोग पाहूं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेंत सर्गे स्टाव्हिस्की व डेव्हिड ब्रँडमन यांच्या देखरेखीखालीं २०२३ सालीं ए. एल. एस. नें वाचा हरपत चाललेल्या, ४५ वर्षांच्या एका गृहस्थावर शस्त्रक्रिया झाली. सुमारें तीन मिलिमीटर लांबीरुंदीचे चार ठसे त्याच्या मेंदूच्या उच्चारभागावर बसविण्यांत आले. प्रत्येक ठशावर ६४ सुया, म्हणजे एकूण २५६. आणि प्रत्येक सुई अवघी दीड मिलिमीटर लांब. ठशांच्या तारा कवटीवरील जोडांत आणून तेथून संगणकाला जोडल्या. रोग्यासमोर पडद्यावर एक वाक्य दाखवावयाचें. त्यानें तें बोलण्याचा यत्न करावयाचा. तोंडांतून अस्फुट आवाजच निघे. पण मेंदूंतील हुकूम मात्र पूर्वींप्रमाणेंच सुटत असत, व सुया ते टिपीत.

येथें कृत्रिम बुद्धिमत्तेचें काम सुरू होतें. कोणी म्हणेल, अमुक पेशी स्पंदली कीं 'प', तमुक स्पंदली कीं 'त', असा तक्ता केला म्हणजे झालें. परंतु मेंदूचा कारभार इतका सरळ नाहीं. एकच पेशी अनेक वर्णांच्या वेळीं थोडीबहुत स्पंदते. एकाच वर्णाच्या वेळीं अनेक पेशी निरनिराळ्या प्रमाणांत स्पंदतात. आणि आज जो नमुना पडला, तो उद्यां अगदीं तसाच पडेल अशी खात्री नाहीं. दोनशें छप्पन सुयांवरून क्षणोक्षणीं येणाऱ्या आंकड्यांच्या ह्या लोंढ्यांत वर्ण कोठें दडला आहे, हें मनुष्यास बसून शोधतां येणार नाहीं. म्हणून संगणकाला नियम न सांगतां उदाहरणें देतात. हें वाक्य, आणि हें बोलूं पाहतांना उमटलेलीं हीं स्पंदनें. हें दुसरें वाक्य, आणि हीं त्याचीं स्पंदनें. अशीं शेंकडों उदाहरणें पाहून संगणक आपल्या आंतील हजारों वजनें थोडथोडीं हालवितो, चुकतो, चूक मोजतो, पुन्हां हालवितो. आणि अखेरीस नवें स्पंदन पुढें आलें कीं, "हा बहुधा अमुक वर्ण" असा अंदाज करूं लागतो. तान्ह्या मुलाला नातवाईकांचे आवाज ओळखावयास कोणी व्याकरण शिकवीत नाहीं. ऐकून ऐकून तें ओळखूं लागतें. हा प्रकार बराचसा तसाच आहे. डेव्हिस येथील यंत्र दर ८० सहस्रांश सेकंदाला असा एक अंदाज करीत असे.

पहिल्याच दिवशीं अवघ्या अर्ध्या तासाच्या शिकवणीनंतर, पन्नास शब्दांच्या मर्यादेंत, यंत्रानें ९९.६ टक्के शब्द बरोबर ओळखले. दुसऱ्या दिवशीं आणखी सुमारें दीड तासाच्या शिकवणीवर सव्वा लाख शब्दांचा कोश खुला करण्यांत आला, तेव्हां ९०.२ टक्के शब्द बरोबर आले. पुढें आठ महिन्यांहून अधिक काळ हें प्रमाण ९७.५ टक्क्यांवर टिकलें. मिनिटाला सुमारें ३२ शब्द, ह्या वेगानें त्या गृहस्थानें आप्तमित्रांशीं एकूण २४८ तास संभाषण केलें. एवढेंच नव्हे, तर आजारापूर्वींच्या त्याच्या आवाजाचे जे ठसे घरांत होते, त्यांवरून संगणकाला त्याचा आवाज शिकविण्यांत आला होता. त्यामुळें वाक्य पडद्यावर उमटलें कीं, तें त्याच्याच जुन्या आवाजांत ऐकूं येई. ही सर्व हकीकत २०२४ च्या ऑगस्टांत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' ह्या मान्यवर वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. तीन वर्षांपूर्वीं, २०२१ सालीं, चँग यांच्या प्रयोगांत कोश पन्नास शब्दांचा व वेग मिनिटाला सुमारें १५ शब्दांचा होता. आणि २०२३ सालीं स्टॅनफर्डच्या यंत्राचा वेग ६२ शब्दांवर गेला होता, तरी त्याचा साधारण चौथा शब्द चुकत असे. ह्यावरून प्रगतीचा वेग ध्यानांत येईल.

परंतु येथेंच विचारी वाचकानें क्षणभर थांबावें. वर्णांचा अंदाज कधींच पुरता अचूक नसतो. प, ब, म हे तिन्ही ओष्ठ्य वर्ण. म्हणून 'पाय', 'बाय' व 'माय' यांत गोंधळ होण्याचा संभव फार. मग यंत्रानें निवड करावी कशी? त्यासाठीं त्याला दुसरी एक विद्या शिकवितात. लक्षावधि पानें वाचून कोणत्या शब्दामागें कोणता शब्द येण्याचा संभव किती, हें त्यानें आत्मसात् केलेलें असतें. 'माझा' आणि 'दुखतो' यांच्यामध्यें 'पाय'च बसणार, 'माय' नव्हे, हें तें ह्या विद्येच्या जोरावर ठरवितें. म्हणजे पडद्यावर जें वाक्य उमटतें, तें अंशतः रोग्याच्या मेंदूंतून आलेलें असतें आणि अंशतः जगाच्या सामान्य बोलण्यावरून अंदाजलेलें असतें. बोबी यांच्या उशाशीं बसून शब्द अर्ध्यावर पुरा करणारा तो ऐकणाराच आतां यंत्रांत जाऊन बसला आहे! तो अधिक हुषार आहे, अधिक वेळां बरोबर असतो. पण आहे तोच.

९७.५ टक्के बरोबर, म्हणजे चाळीस शब्दांत एक चूक. गप्पागोष्टींत ही चूक कोणी मोजणार नाहीं. परंतु चुकलेला तो एकच शब्द 'नको' किंवा 'नाहीं' हा असला तर? "मला ही शस्त्रक्रिया नको," "हा कागद मला मान्य नाहीं," अशा वाक्यांतून एक शब्द गळला, तर अर्थ उलटाच होऊन बसतो. शिवाय सामान्य अंदाजाचा ओढा नेहमीं सामान्य वाक्याकडे असणार. जो मनुष्य सगळे म्हणतात त्याहून निराळें कांहीं म्हणूं इच्छितो, त्याचीच वाणी घोटून गुळगुळीत होण्याचा धोका अधिक. म्हणून डेव्हिस येथील प्रयोगांत, उमटलेलें वाक्य बरोबर आहे कीं नाहीं, हें रोग्यानें डोळ्यांच्या हालचालीनें पडद्यावर निवडून सांगावें, अशी सोय ठेवली होती. ही सोय दिसावयास क्षुल्लक, पण तिच्यावांचून सारें यंत्र लटकें म्हणावें लागेल. शेवटचा शब्द ज्याचा त्याच्याकडेच राहिला पाहिजे. ह्या दिशेनें पुढचें पाऊलही पडलें आहे. २०२५ सालीं त्याच संशोधकांनीं, शब्दांचा अंदाज मध्यें न घालतां, मेंदूंतील स्पंदनांवरून तत्काळ आवाज काढण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत प्रश्नार्थक वाक्याचा स्वर चढविणें, एखाद्या शब्दावर जोर देणें, लहानसें गुणगुणणें हें रोग्याला साधलें. ऐकणाऱ्यांना त्यांतील सुमारें ६० टक्केच शब्द कळले; तथापि 'हो का?' आणि 'हो.' यांतला भेद ज्यानें घरांत अनुभवला आहे, त्याला ह्या पावलाचें मोल सांगावयास नको.

आतां मूळ शंकेकडे येऊं. यंत्र मनांतील गुपितें वाचतें काय? वरील प्रयोगांत यंत्रानें वाचले ते विचार नव्हत. मनुष्यानें बोलण्याचा यत्न करून स्नायूंना सोडलेले हुकूम तेवढे त्यानें वाचले. तो गप्प बसला तर यंत्रही गप्प. परंतु उत्तर एवढ्यावर संपवितां येत नाहीं. २०२५ च्या ऑगस्टांत स्टॅनफर्डच्या संशोधकांनीं चार रोग्यांवरील प्रयोगांतून असें दाखविलें कीं, ओंठ हालविण्याचा यत्नही न करतां, मनांतल्या मनांत म्हटलेल्या वाक्यांचे नमुने मेंदूच्या त्याच भागांत, पण क्षीण स्वरूपांत उमटतात. व सव्वा लाख शब्दांच्या कोशांतून तीं वाक्यें ७४ टक्क्यांपर्यंत ओळखतां येतात. इतकेंच काय, पडद्यावरील आकृति मोजतांना रोगी मनांत जे आंकडे म्हणत होते, त्यांचाही कांहीं सुगावा लागला. रोग्याचे श्रम वांचावे हा हेतु चांगलाच. पण मनांतल्या मनांत पुटपुटण्याचें स्वातंत्र्य गेलें, तर मनुष्याजवळ आपलें म्हणून उरतें काय? संशोधकांना ही जाणीव होती. म्हणून त्यांनीं कुलुपाची योजना केली : रोग्यानें ठराविक संकेतवाक्य मनांत म्हटल्याखेरीज यंत्रानें अंतर्वाणी ऐकूंच नये. हें संकेतवाक्य यंत्रानें ९८ टक्क्यांहून अधिक वेळां बरोबर ओळखलें.

तथापि कुलूप बसविणें संशोधकाच्या सद्बुद्धीवर सोपवून चालणार नाहीं, हें कांहीं देशांनीं ओळखलें आहे. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशानें २०२१ सालीं आपल्या राज्यघटनेंत दुरुस्ती करून मेंदूच्या व्यापारांना व त्यांतून मिळणाऱ्या माहितीला संरक्षण दिलें. २०२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें एका कंपनीला, तिनें जमविलेली एका नागरिकाच्या मेंदूची माहिती पुसून टाकण्याचा हुकूम केला. अमेरिकेच्या कोलोरॅडो संस्थानानें २०२४ सालीं अशाच अर्थाचा कायदा केला. दुसरा धोका धंद्याचा आहे. अंधांच्या डोळ्यांत बसविण्याचें 'आर्गस' नांवाचें यंत्र जगांतील साडेतीनशेंहून अधिक लोकांनीं बसवून घेतलें. पुढें तें करणारी कंपनी आर्थिक अडचणींत आली, तिनें तें काम सोडलें, आणि यंत्र डोळ्यांत राहून त्याची दुरुस्ती करणारा कोणी उरला नाहीं. घड्याळ बंद पडलें तर फडताळांत ठेवतां येतें. डोक्यांत बसविलेलें यंत्र कोठें ठेवावें? ज्याची वाणी त्या यंत्रावर अवलंबून आहे, त्याला तें दुसऱ्यांदा मुकें करूं शकतें.

आपल्या भाषेचाही प्रश्न आहे. वर वर्णन केलेलीं यंत्रें इंग्रजी शिकलीं. इंग्रजीचे ३९ वर्ण धरून त्यांचें काम भागलें. मराठींत त्याहून अधिक वर्ण लागतील; 'काल' व 'खाल', 'ताट' व 'थाट' यांतील महाप्राणाचा भेद ओळखावा लागेल. त्याहून मोठी अडचण शब्दरूपांची. घर, घरांत, घरांतून, घराला, घरच्यांना, असा एकेका शब्दाचा परिवार होत जातो. त्यामुळें इंग्रजीला सव्वा लाखांचा कोश पुरतो, तो मराठीला तोकडा पडेल. आणि अंदाजाची विद्या शिकविण्यासाठीं लागणारें छापील व लिखित भांडार इंग्रजीच्या मानानें आपल्याकडे थोडें. घरगुती मराठी, म्हणजे आजी, आत्या, काका ज्या भाषेंत बोलतात ती, तर लिहिलीच कमी जाते. तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. २०२४ सालीं चँग यांच्या गटानें एकाच रोग्याला स्पॅनिश व इंग्रजी ह्या दोन्ही भाषा बोलवून दाखविल्या आणि असें आढळलें कीं, एका भाषेवरील शिकवणी दुसऱ्या भाषेलाही उपयोगी पडते. मुख एकच, मेंदू एकच. भाषा पालटली म्हणून सर्व काम मुळापासून करावें लागत नाहीं. पण उरलेलें काम ज्याची भाषा त्यानेंच केलें पाहिजे.

अखेर व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करतों. पहिली : हे सर्व प्रयोग अद्यापि प्रयोगावस्थेंत आहेत, त्यांत कवटी उघडावी लागते, जंतुसंसर्गाचें भय असतें, आणि जगांत असे रोगी मूठभरच आहेत. डोक्याला पट्टा बांधून विचार बोलून दाखवूं, असें सांगणाऱ्या जाहिरातींना कोणीं पैसा देऊं नये. भिंतीबाहेरून सभेंतील भाषण ऐकूं येत नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. दुसरी : घरांत अर्धांगानें कोणाची वाचा गेली असेल, तर ती पहिल्या प्रकारची कीं दुसऱ्या, हें मज्जारोगतज्ज्ञास व वाचोपचार करणाऱ्यास विचारून घ्यावें, उपाय त्यावर अवलंबून असतात. तिसरी : वडीलधाऱ्या माणसांचे आवाज, गोष्टी सांगतांना, हिशेब विचारतांना, नातवंडांना हांक मारतांना, जपून ठेवावे. त्यासाठीं आतां प्रत्येकाच्या हातांत साधन आहे. डेव्हिस येथील गृहस्थाला त्याचा आवाज परत मिळाला तो अशा जपलेल्या ठशांमुळें.

चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत कठीण. न बोलणाऱ्या माणसाशीं बोलावें; त्याच्याविषयीं नव्हे. पुठ्ठ्यावर मुळाक्षरांचा तक्ता लिहावा, 'हो' साठीं एकदां व 'नाहीं' साठीं दोनदां पापणी, असा संकेत ठरवावा, आणि मग वाट पाहावी. शब्द अर्ध्यावर आला असतां तो आपणच पुरा करण्याचा मोह होतो; कारण घाई आपल्याला असते, त्याला नसते. ज्या घरांत वीस माणसांच्या गलबल्यांत एका क्षीण पापणीची दखल घेतली जाते, त्या घराला वरील यंत्राचा आत्मा सांपडला असें म्हणावें. दोनशें छप्पन सुया अखेरीस दुसरें करतात तरी काय? त्या निमूटपणें ऐकतात, अंदाज करतात, आणि "हेंच म्हणावयाचें होतें ना?" असें विचारून थांबतात.